दहा रिव्हेटांचा क्रम

घर्षण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात मी रुजू झाले. तेथे ब्रेकची लायनर तयार होत.

ज्यांनी लायनर कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या प्रत्येक चाकाच्या आत एक लोखंडी ड्रम असतो. ड्रमच्या पोकळीत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लोखंडी शू असतात आणि प्रत्येक शूच्या फुगीर पाठीवर बोटाच्या जाडीपेक्षाही पातळ अशी एक काळपट पट्टी रिव्हेट ठोकून बसवलेली असते. ती पट्टी म्हणजे लायनर. ब्रेक दाबला की शू फाकतात, लायनर फिरत्या ड्रमला आतून घासते आणि गतीची उष्णता होते. भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर उतारावर थांबतो, तेव्हा कित्येक टन वजनाची सगळी धाव अशा चार पट्ट्यांमध्ये शिरते. हे गणित मी शेकडो वेळा मांडले आहे. अजूनही ते मांडताना हात क्षणभर थांबतो.

चाचणी विभागात तक्रारी घेऊन येणारी माणसे विसरता येत नाहीत. न्हावा शेव्याहून कंटेनर वाहणारा एक ड्रायव्हर जळके लायनर वर्तमानपत्रात सुरमईसारखे गुंडाळून घेऊन आला होता. "मॅडम, वास घ्या." मी वास घेतला. "आता सांगा, हा वास घाटाचा की तुमच्या मालाचा?" मी म्हणाले, "घाटाचा. गिअर न बदलता ब्रेकवर पाय ठेवून उतरलात." तो इतका प्रसन्न झाला की तक्रार मागे घेऊन चहा पाजून गेला. अशा प्रसंगांनी माणसाला आपण हुशार असल्याची सवय लागते.

त्याच सवयीत मी दुसऱ्या वर्षी फिटरांसाठी एक सूचनापत्रक लिहिले. सात सूचना, एक आकृती, खाली माझे नाव. तिसरी सूचना अशी होती: 'आधी दोन्ही टोकांचे रिव्हेट ठोकावेत, म्हणजे लायनर जागचे हलत नाही, नंतर मधले ठोकावेत.' कारखान्याने पत्रक छापले आणि मान्यताप्राप्त फिटरांच्या यादीतल्या प्रत्येकाला पाठवले. मी ते घरी, सुकापूरला, आईला दाखवले होते.

पुढच्या वर्षी विभागप्रमुखांनी माझ्यापुढे एक फाइल ठेवली. पनवेलच्या जुन्या रस्त्यावरचे फिटर उस्मानचाचा यांनी लायनर बसवलेला एक ट्रॅक्टर खाडीच्या धक्क्यावर घसरला होता. जीवितहानी नव्हती. फाइलवर आधीच शेरा होता: 'सदोष जोडणी. फिटरचे नाव यादीतून कमी करण्याबाबत पाहणी-अहवाल द्यावा.' निष्कर्ष तयार होता, फक्त त्याला पुरावा जोडायचा होता. त्याच महिन्यात चाचणी विभागाचे उपप्रमुखपद भरायचे होते आणि माझे नाव चर्चेत होते. "स्वच्छ अहवाल दे," साहेब म्हणाले. स्वच्छ म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

उस्मानचाचांच्या गॅरेजवर आमच्या कारखान्याची पत्र्याची पाटी होती. ऊन-पावसाने तिचा रंग उडाला होता, पण खालचे 'मान्यताप्राप्त फिटर' हे शब्द कोणीतरी हाताने पुन्हा रंगवले होते. आत ठोकळ्यांवर चढवलेला एक म्हातारा ट्रॅक्टर उभा होता, मागचे उजवे चाक काढलेला. शेजारी उलट्या क्रेटवर त्याचे मालक बसले होते: खाडीकाठच्या गावचे जनाकाका. भातखाचरे भूसंपादनात गेल्यावर ते ट्रॅक्टरने होड्यांना बर्फ पोचवीत.

"कंपनीनं पोरगी धाडली?" जनाकाका म्हणाले. "बरा झाला. बाप्ये येतात ते पयले घड्याळ बघतात."

उस्मानचाचा साठीपुढचे, सडपातळ, पांढरी दाढी नीट कातरलेली. मी माझे कार्ड पुढे केले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, पुन्हा एकदा वाचले आणि खिशात ठेवले. "तशरीफ ठेवा, मॅडम. लोखंडी स्टूल आहे, पुसून देतो."

काय घडले ते जनाकाकांनी सांगितले. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगळे. शेतात वळण्यासाठी एकच दाबतात, रस्त्यावर दोन्ही खटक्याने जोडून घेतात. "जोडलेलीच होती, देवाशप्पत. धक्क्याचा उतार. मागं ट्रॉलीत बर्फ, बर्फावर गोणपाट, गोणपाटावर माझी सून. पाय ठेवला त डावा चाक धरला, उजवा धरलाच नाय. गाडी गरकन फिरली नि चिखलात. बर्फ खाडीत, सून चिखलात. कंबरेत लचक भरली तिला. आता ट्रॉलीकडं बघायला तयार नाय ती. नि आमच्या गावात बर्फ मोजून द्यायचा काम तिच्याबिगर कोणाला जमत नाय."

"माझ्या हातचं काम होतं," उस्मानचाचा शांतपणे म्हणाले. "चाळीस साल झाली. कुणाची सून माझ्या ब्रेकवरून पडली नव्हती."

मी कामाला लागले. ड्रम उतरवताच चाचांनी सवयीने वाकून आतली धूळ फुंकायला तोंड पुढे केले आणि मी जवळजवळ ओरडले. जुन्या लायनरांच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असायचे. ते फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षांनी घात करते. मी ओले फडके मागितले आणि धूळ टिपून घेतली. चाचा बघत राहिले. "चाळीस साल फुंकतोय," ते म्हणाले. मग त्यांनी एक डबा पाण्याने भरून ओले फडके कायमचे त्याच्या कडेला टाकले. सांगितलेले बरोबर आहे हे पटल्यावर वाद न घालणारी माणसे मी कमी पाहिली आहेत. त्यात सुशिक्षित तर फारच कमी.

उजव्या बाजूची दोन्ही लायनर मधोमध तडकली होती. तडे मधल्या रिव्हेटांच्या भोकांतून गेले होते आणि एका शूवरचा तुकडा तर निखळून ड्रममध्ये आडवा झाला होता. मी एकेक शक्यता खोडू लागले. एक्सलचे तेल गळून लायनर भिजले होते का? नाही, सारे कोरडे होते. ड्रम ओरखडला होता? नाही. माल कच्चा होता? मग मी डावी बाजू उघडायला लावली. डावीकडची लायनर निर्दोष होती.

"ही कधी बसवलीत?"

"डावी बाजू आधी. सील गळून लायनर तेलात भिजलेली, म्हणून बदलली. उजवी त्यानंतर तीन महिन्यांनी."

"माल?"

"एकाच बॉक्समधला. चार येतात. दोन डावीकडे लागली, दोन ठेवून दिली होती."

याहून नेमका प्रयोग मला प्रयोगशाळेत रचता आला नसता. एकच ट्रॅक्टर, एकच ड्रायव्हर, एकच उतार, एकाच बॉक्समधला माल आणि एकच हात. तरीही एक बाजू शाबूत होती आणि दुसरी तडकली होती. म्हणजे त्या तीन महिन्यांत काहीतरी बदलले होते.

"उजवीकडे तुम्ही वेगळे काय केलेत?" मी विचारले.

चाचा उठले. भिंतीवरच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक कागद त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला. माझे सूचनापत्रक होते. तिसऱ्या सूचनेखाली पेन्सिलीने सरळ रेघ ओढलेली होती.

"कंपनीचा हुकूम आला," ते म्हणाले. "हुकमाप्रमाणे केलं."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तरी मी जे म्हणाले ते माझ्या प्रशिक्षणाला साजेसे होते आणि त्याची मला आजही थोडी लाज वाटते. मी म्हणाले, "याने फरक पडायला नको. आम्ही तपासून पाहिले आहे."

"मग इथे तपासू," चाचा म्हणाले. "शू पडलेत, लायनर आहेत. एक कागदाप्रमाणे ठोकू, एक माझ्याप्रमाणे, आधी मधले. कागदवाला तू ठोक, बेटी. मी ठोकला तर म्हणशील, चाचाने जाणून बिघडवला."

 प्रयोग करणाऱ्याचा स्वार्थ निकालात मिसळू नये, हे तत्त्व मला विद्यापीठात दोन वर्षे शिकवले होते. हा माणूस ते गॅरेजमध्ये उभ्याउभ्या सांगत होता. मी फक्त एक भर घातली: "मग चार करू. दोन मी, दोन तुम्ही. प्रत्येकाने एक या क्रमाने आणि एक त्या क्रमाने. म्हणजे फरक हाताचा की क्रमाचा, तेही कळेल."

"हे पटलं," चाचा म्हणाले. जनाकाका म्हणाले, "तुमी दोघं शाळा काढा."

रिव्हेट ठोकणे हे बघायला सोपे काम आहे. वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, एक बोथट बोल्ट उभा पकडतात. तांब्याचा रिव्हेट लायनरच्या बाजूने भोकात घालायचा. त्याचे डोके लायनरच्या पृष्ठभागाखाली खोलगट जागेत बसते, म्हणजे ड्रमला लागत नाही. ते डोके बोल्टवर टेकवायचे आणि शूच्या बाजूने बाहेर आलेले पोकळ शेपूट पंचाने फाकवून चहूकडे सारखे दुमडायचे. रिव्हेट मुद्दाम मऊ धातूचा घेतात. कधी चुकून घासलाच तर झिजावे त्याने, ड्रमने नव्हे. एका लायनरला दहा रिव्हेट. पहिले तीन मी वाकडे केले. चाचांनी ते ड्रिलने काढून टाकले आणि नवे पुढे सरकवले. त्यांचा स्वतःचा प्रत्येक रिव्हेट चार ठोक्यांत बसे: दोन जड, दोन हलके. पाचवा ठोका मी एकदाही ऐकला नाही.

चारही शू तयार झाल्यावर मी फीलर गेज काढला. कागदाइतक्या आणि त्याहूनही पातळ पोलादी पात्यांचा तो जुडगा असतो. ज्या फटीत जे पाते शिरते तेवढी ती फट. मी पहिला शू उचलणार तोच चाचा म्हणाले, "थांब. मला आधी तोंड फिरवू दे. जनाभाई, शूंची जागा बदला."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जनाकाकांनी शू उलटसुलट केले, एकेक दोरीला टांगून धरला आणि चाचांनी मागे हात करून, न बघता, छोट्या हातोडीने त्यावर एकेक टिचकी मारली. पहिला खणखणला. दुसऱ्याचा आवाज मध्येच बसला. तिसरा खणखणला. चौथा बसला.

"पहिला आणि तिसरा ठेव," चाचा भिंतीला म्हणाले. "बाकीचे दोन्ही कागदाचे."

मी मोजले. पहिल्या आणि तिसऱ्या शूवर लायनर आणि लोखंड यांच्यामध्ये सर्वांत पातळ पातेसुद्धा शिरत नव्हते. दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्यभागी ते अलगद आत गेले. त्यांतला एक शू माझा होता आणि एक चाचांचा. जे दोन चांगले होते त्यांतही एक माझा होता, वाकड्या हातांनी पण चाचांच्या क्रमाने ठोकलेला. दोष हाताचा नव्हता, क्रमाचा होता.

कारण समजायला मला एक मिनिट लागले. चाचणी विभागात आम्ही रिव्हेटांची ताकद सपाट तुकड्यांवर तपासत होतो: सपाट पट्टी, सपाट लायनर. सपाट वस्तूला मध्य फुगण्याचे कारणच नसते. कोठूनही सुरुवात करा, निकाल एकच. शू मात्र वळलेला असतो, आणि लायनरचा बाक शूच्या बाकाशी केसाने का होईना कमीजास्त असतोच. आधी दोन्ही टोके जखडली की तो केसभर फरक मध्यभागी अडकून पडतो. मग प्रत्येक ब्रेकबरोबर ती पोकळ जागा दबते आणि सुटते, दबते आणि सुटते, आणि शेवटी लायनर आपल्या सर्वांत अशक्त जागी, म्हणजे मधल्या भोकांशी, तडकते. मी सपाट जगात एक नियम शोधला होता आणि तो वळलेल्या जगाला टपालाने पाठवला होता.

"हे तुम्हांला कोणी शिकवले?" मी विचारले.

"गॅरेजात कुणी नाही. अब्बा होड्या बांधायचे. उरणच्या बाजूला, मचव्याचे सुतार. होडीच्या कुशीला फळी लावताना ते आधी पोटाला ठोकायचे, मग सरकत सरकत दोन्ही टोकांना. म्हणायचे, फळीला आधी पोटाशी धर, टोकं आपोआप येतील. टोकं आधी धरलीस तर फळी पोटात राग धरते, आणि समुद्रात तो राग काढते." ते हसले. "मी होडी सोडली, ट्रॅक्टर धरला. वाकडं ते वाकडंच."

जनाकाकांनी मान डोलावली. "आमच्या होडीच्या फळ्या यांच्या बापानं ठोकलेल्या. अजून टिपूस येत नाय."

त्या जागेविषयी त्या क्षणी मला जे वाटले ते नीट सांगता येणार नाही. ग्रीज आणि गोणपाटाच्या वासाच्या त्या खोलीत, एका माणसाच्या मनगटात, दोन पिढ्यांचे आणि दोन व्यवसायांचे एक सिद्ध तत्त्व राहत होते. त्याला नाव नव्हते, समीकरण नव्हते. आणि मी ते एका सूचनेने पुसून टाकायला निघाले होते.

"मग तुम्ही ऐकलेत का?" माझा आवाज चढला. "चूक आहे हे माहीत असूनही?"

"माहीत कुठे होतं? वाटत होतं. माझं वाटणं आणि छापलेला कागद. नवा माल आहे, आत काही नवी चीज असेल, शिकलेल्या माणसांनी तपासलं असेल. टिचकीला आवाज बसला तेव्हा दिल म्हणालं, उस्मान, खोल. मी म्हणालो, कान म्हातारे झाले." त्यांनी हातोडी फळीवर ठेवली. "तो कसूर माझा. कागदाचा नव्हे. सून माझ्या कानामुळे पडली."

मी म्हणाले, "चाचा, तो कागद मी लिहिला आहे."

त्यांनी खिशातून माझे कार्ड काढले आणि पत्रकाशेजारी ठेवले. दोन्हींवर एकच नाव होते. "आलीस तेव्हाच वाचलं. मराठी वाचता येतं मला."

"मग सांगितले का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू कागदाच्या बाजूने उभी राहिली असतीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही राहिलो असतो."

त्याच संध्याकाळी मी अहवाल लिहिला. बिघाडाचे कारण: सूचनापत्रकातील तिसरी सूचना. सूचना लिहिणारी व्यक्ती: माझे नाव. फिटरविषयी शिफारस: नाव यादीत कायम ठेवावे, पत्रक मागे घ्यावे, ज्या ज्या फिटरांना ते गेले त्यांना आठवड्याच्या आत कळवावे. सकाळी साहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "कारण लिहिलंस ते ठीक. स्वतःचं नाव कशाला घातलंस? 'विभागाकडून' लिही."

"विभागाने सपाट तुकडा निवडला नव्हता, सर. मी निवडला होता."

त्यांनी अहवाल तसाच पुढे पाठवला. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पाटी राहिली. पत्रक मागे घेतले गेले. उपप्रमुखपद त्या वर्षी दुसऱ्याला मिळाले आणि मला वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. चांगले महिनाभर वाटले. मात्र त्यानंतर चाचणी विभागात सपाट तुकड्याबरोबर वळलेल्या शूवरही चाचणी होऊ लागली, आणि टांगलेल्या शूवर टिचकी मारून आवाज टिपणारे एक उपकरण मी स्वतः जुळवले. ते चाचांच्या कानाइतके चांगले नाही. आणि ते स्वतःची चूक कबूल करत नाही.

ट्रॅक्टरची परीक्षा अजून बाकी होती. अहवाल दिल्यानंतरच्या रविवारी मी धक्क्यावर गेले. चारही शूंवर नवी लायनर होती, आधी पोट आणि मग टोके. चाचांच्या आग्रहामुळे त्यांतला एक शू मी ठोकला होता आणि त्यांनी तो टिचकी मारून पास केला होता. कोणत्या चाकात घातला, ते त्यांनी मला सांगितले नव्हते.

ओहोटी होती. उतारावर ओल्या चिखलाचा पातळ थर होता. ट्रॉलीत बर्फाच्या लाद्या, वर गोणपाट. जनाकाकांची सून कमरेवर हात ठेवून वर उभी होती, ट्रॉलीपासून दहा पावलांवर.

"बस गो," जनाकाका म्हणाले.

"पयले कागदवाली बसू दे," ती म्हणाली.

शास्त्रीयदृष्ट्या याची काहीच गरज नव्हती. रिकाम्या ट्रॉलीनेही चाचणी झाली असती. मी सँडल काढून गोणपाटावर चढले. खालून गार वाफ येत होती. इंजिन सुरू झाले. ट्रॅक्टर हलणार तोच ट्रॉली एका बाजूने दबली. सून चढून माझ्याशेजारी बसली होती. तिने माझे मनगट घट्ट धरले.

आम्ही उतरलो. पाणी जवळ आले, आणखी जवळ आले, आणि जनाकाकांनी पाय ठेवला. खालून एक जाड, अखंड घरघर उठली. ट्रॅक्टर ना डावीकडे वळला ना उजवीकडे. नाक सरळ पाण्याकडे ठेवून तो थांबला. सुनेने माझे मनगट सोडले. तिच्या बोटांचे ठसे त्यावर उमटले होते.

मी टेप घेऊन खाली उतरले. चिखलाच्या थरावर मागच्या दोन चाकांच्या घसरणीच्या रेघा होत्या. डावी मोजली, उजवी मोजली. वरून चाचांनी हाक दिली, "किती?"

"सारख्या!"

"बर्फ वितळतंय," सून ट्रॉलीतून ओरडली. "मोजणं आटपा नि लाद्या उतरायला हात लावा."

मी आणखी क्षणभर वाकून राहिले. त्या दोन रेघांपैकी एकीत माझे दहा रिव्हेट होते, आणि कोणत्या ते ओळखता येत नव्हते. मी टेप गुंडाळली, ओढणी कमरेला खोचली आणि पहिली लादी उचलली.